सहा आकडे

पासपोर्ट मुंबईला गेलाय, शिक्क्यासाठी.
पावती आहे माझ्याकडे.
पावतीवर फोटो नाही.

शुक्रवारी नागपूरहून भुवनेश्वर, बहिणीकडे.
आपल्याच देशात या गावाहून त्या गावाला जायला
काय काय लागतं, ते अकरा वर्षांत विसरलो होतो.
सेतूतल्या प्रफुलला पोलंडचं कार्ड दाखवलं.
त्यानं ते उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं,
"हे तिकडचं झालं भाऊ. इकडचं काय हाये?"

इकडचं.

मतदार यादीत नावापुढं शेरा : स्थलांतरित.
ग्रामसेवक म्हणाले, रहिवासी दाखला देतो की,
पण रहिवासी कुठं आहात तुम्ही?
त्यांचं बरोबर होतं.
टेबलावर भिजवलेल्या चण्यांचा डबा होता,
त्यातले मूठभर दिले. दाखला नाही दिला.

ट्रंकेत शाळेची टीसी सापडली.
ओळखचिन्ह : डाव्या पायावर तीळ.
पँट गुडघ्यापर्यंत वर करून पाहिली,
मग उजवा पायही पाहिला.
नंदूच्या टीसीवर हाच तीळ आहे,
वर्षा खडसेच्याही.
बोरकर गुरुजींनी एका दुपारी
अख्ख्या सातवीच्या डाव्या पायावर
एकाच निळ्या पेनानं तीळ दिला
आणि गेले असतील जेवायला.

आधार आहे. म्हणजे होतं,
ट्रंकेतच, वाळवीनं कोपऱ्यापासून खात आणलेलं.
नंबर तेवढा उरलाय.
प्रफुल म्हणाला, अंगठा ठेवा.
ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवला, केसांत घासून ठेवला,
दुसऱ्या हाताचा ठेवला.
अकरा वर्षं शीतगृहात खोकी उचलतोय,
रेषा गेल्या असतील पुठ्ठ्याला लागून
कुठल्या कुठल्या दुकानांत.
"मंग ओटीपी. नंबर कोनता जोडलाय?"

जोडलेला नंबर माझा जुना.
रिचार्ज संपला, मी तिकडं,
कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकला.
शेवटी मीच मला फोन लावला.

"कोन?"
म्हातारा आवाज, मागं बकऱ्या.
मी सगळं सांगितलं, विमान, बहीण,
सहा आकडे येतील ते वाचून दाखवा,
लबाडी नाही हो काका.
"मले वाचता नाई येत. मी आडे बोलतो, तांड्यावरून.
नात येते चार वाजता शाळेतून."
मग जरा थांबून,
"शेलोडी म्हनता? तुमी सुगत त नाई?"

"तुमची माय फोन करे मले.
पह्यले दोनतीनदा सांगतलं, बाई, राँग नंबर हाये.
तिले आयकू कमी ये वाट्टे.
मंग सांगनंच सोडलं.
जेवला काय, पुसे. मी म्हनो, हाव.
थंडी हाये काय तिकडं, पुसे. हाव.
उन्हाऱ्यातही हाव."

रविवारी भाचा व्हिडिओ लावून द्यायचा,
तेव्हा माय पडद्याकडं नुसती बघत बसायची.
मला वाटायचं, तिला बोलायचं नाही.

चार वाजून दहा मिनिटं.
नातीनं पाढे म्हणावेत तसे आकडे म्हटले,
शून्यावर थोडी अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हटले.
प्रफुलनं टाकले.
पडद्यावर मी आलो,
मिशी नुकती फुटलेली, शर्ट चुलतभावाचा.
नावात द-त ची चूक तशीच.

फोन परत म्हाताऱ्याकडं.
"झालं काय काम? बरं झालं.
मायचा फोन नाई आला दिवाईपासून.
बरी हाये ना ते?"

माय नोव्हेंबरात गेली.
सुट्टी मला फेब्रुवारीत मिळाली.

प्रिंट बाहेर येत होती, अजून गरम.
प्रफुल विचारत होता, लॅमिनेशन करू काय, वीस रुपये.

हाव, म्हटलं मी.
दोघांनाही.